छायाचित्र कोण काढतो?

फिल्मच्या कॅमेऱ्याचे तेरावे उरकून जग मोकळे झाले होते. २००९ साली कोडॅक कंपनीने कोडाक्रोम ही आपली नावाजलेली रंगीत फिल्म बंद केली. पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, पार्सन्स नावाच्या लहानशा गावी तिचे शेवटचे रोल धुण्यासाठी घेण्यात आले. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. गंमत अशी, की ज्या डिजिटल कॅमेऱ्याने हा घात केला त्याचा पहिला नमुना १९७५ साली याच कंपनीत नोकरीला असलेल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने तयार केला होता. घरच्याच दिव्याने घर पेटले म्हणायचे! पण तेराव्याची पाने उचलली जातात न जातात तोच मेलेला माणूस दारात येऊन उभा राहिला. २०१८ साली एक्टाक्रोम ही बंद पडलेली फिल्म पुन्हा बाजारात आली. २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मवर चालणारा नवा कोरा कॅमेरा काढला. आणि आज मुंबईच्या चोरबाजारात जुन्या कॅमेऱ्यांच्या ढिगापुढे विशी-पंचविशीतली मुले उकिडवी बसून घासाघीस करतात. ज्यांच्या घरी माळा आहे ती आजोबांचा आग्फा क्लिक धुळीतून वर काढतात.

छंदिष्ट माणूस मला मनापासून आवडतो. ज्याला कसलाच नाद नाही अशा माणसाशी पाच मिनिटे बोलणे म्हणजे पावसाळ्यात न चालणाऱ्या एस. टी. ची वाट पाहण्यासारखे असते. तेव्हा या नव्या छंदाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. पण छंद म्हटला की त्याच्या मागोमाग त्याच्या बढाया येतात, आणि त्यांतली एक बढाई तपासून पाहण्याजोगी आहे. फिल्मचा कॅमेरा हातात घेतला की छायाचित्रण ‘सर्जनशील’ होते, अशी ही बढाई. हा शब्द आजकाल फार स्वस्त झाला आहे; पण तो खरा आहे असे मानून चालू या, आणि साधा प्रश्न विचारू या. ते सर्जन नेमके कुठे घडते? कॅमेऱ्यात? फिल्मवर? की आणखी कुठे?

आमच्याच शाळेत चित्रकलेचे एक तरुण शिक्षक आहेत. त्यांना मी एकदा म्हटले, “तुमचे एखादे छायाचित्र दाखवा पाहू.” त्यांनी पिशवीतून आधी कॅमेरा काढला. वीस मिनिटे भिंगाचे गुणवर्णन झाले. जर्मन काच, जपानी काच, पात्यांची संख्या. त्यानंतर छायाचित्र आले. घाटावर बसलेला एक सुरकुतलेला म्हातारा. छायाचित्र वाईट नव्हते. पण तो म्हातारा मला ओळखीचा वाटला. गेली सत्तर-ऐंशी वर्षे तो आपल्या हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनांतून बसलेला आहे. त्याच्या एका बाजूला सूर्यास्ताच्या वेळची होडी असते, दुसऱ्या बाजूला कोळ्याने फेकलेले जाळे, आणि मागून धूळ उडवीत बैलगाडी जाते. निबंधाच्या वह्या तपासताना दर वर्षी माझ्यापुढे चाळीस मुलांचा सूर्योदय येतो. चाळिसांच्याही आकाशात तेच तांबडे फुटते आणि तेच पक्षी किलबिलाट करतात. त्यांतल्या किती जणांनी त्या दिवशी उठून पूर्वेकडे पाहिले असेल? कॅमेरा मात्र प्रत्यक्ष पाहिल्यावाचून चालत नाही, म्हणून त्याच्या हातून तरी अशी चोरी होणार नाही असे वाटे. पण तीही होते.

या ठरीव देखाव्यांना कंटाळलेली एक मंडळी दुसऱ्या टोकाला गेली. १९९२ साली व्हिएन्नात काही तरुणांनी लोमो नावाच्या स्वस्त सोव्हिएत कॅमेऱ्याभोवती एक संघच स्थापन केला. त्यांच्या नियमांत एक नियमच असा आहे, की फोटो काढताना विचार करू नका. एका चौकटीवर दोन चित्रे घ्यावीत. कॅमेऱ्याच्या फटीतून ऊन आत शिरून फिल्म करपली तर करपू द्यावी. स्लाइडची फिल्म मुद्दाम निगेटिव्हच्या रसायनात धुवावी, म्हणजे रंग बिथरतात. आकाश हिरवे होते, माणूस जांभळा होतो. हे पाहायला मौज वाटते. पंधरा-वीस चित्रे मीही आनंदाने पाहिली. विसाव्यानंतर मात्र लक्षात येऊ लागते, की यांतले कुठलेही चित्र कुणीही काढले असते. अपघात रंगीत आहे, पण तो कुणाचाच नाही. रस्त्यावर केळ्याच्या सालीवरून पाय घसरलेल्या माणसाला नर्तक म्हणावे का?

कॅमेऱ्याला आवडनिवड नसते, ही गोष्ट या दोन्ही मंडळींनी विसरायला नको होती. फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. उजेड पडला की त्यांच्यात बदल होतो, आणि तो बदल डोळ्यांना न दिसता तसाच टिकून राहतो. पुढे रसायनाने तो उघड करायचा. रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकला संपला. पण एवढे समजायला ते पुरे आहे, की चांदीच्या कणाला आजी आणि आजीमागचा विजेचा खांब यांतला फरक कळत नाही. तो कळणारा दुसरा कोणीतरी लागतो. छायाचित्र तो काढतो.

आणि या कलेच्या इतिहासात तो दुसरा कोणीतरी पुष्कळदा धंदेवाईक नव्हता, हौशी होता. हे सांगताना मला सर्वांत आधी एक बाई आठवतात. नावातच निम्मा कॅमेरा घेऊन आलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. १८६३ च्या अखेरीस मुलीने आणि जावयाने त्यांना एक कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या, मुलाबाळांच्या बाई होत्या. एकटेपणी विरंगुळा व्हावा एवढाच देणाऱ्यांचा हेतू. बाईंनी इंग्लंडातल्या वाइट बेटावरच्या आपल्या घरी कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून त्याचा काचेचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची अंधारखोली केली. त्या काळी फिल्म नव्हती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती चांदीच्या द्रावात बुडवायची, आणि ओली असेतोवर चित्र घेऊन धुवायची. सगळी धावपळ. समोर बसणाऱ्याला कित्येक मिनिटे हलायची बंदी. माणूस एवढा वेळ स्थिर बसतो थोडाच? बाईंचे चेहरे पुसट येत. शिवाय काचेवर चरे, डाग, बोटांचे ठसे.

लंडनच्या जाणत्यांनी त्यांची हेटाळणी केली. यांना भिंगाचा काटा जुळवता येत नाही, असा त्यांचा शेरा. बाईंनी पुढे १८७४ साली आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत याचा खुलासा आहे. भिंग फिरवता फिरवता जिथे चित्र त्यांच्या डोळ्यांना सुंदर वाटे तिथे त्या थांबत. आणखी फिरवून रेषा टोकदार करण्याच्या भरीला पडत नसत. येथे माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. पुसटपणा भिंगातून आला. थांबणे बाईंचे होते. व्हिएन्नाची मुले काय होते ते पाहून टाळ्या वाजवतात. बाईंनी जे झाले त्यातून आपले काय ते उचलले. दोघांच्याही चित्रांत दोष आहेत, पण एकाच दोषाची ही दोन घराणी आहेत.

त्यांचे १८६७ चे सर जॉन हर्शेल यांचे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. चहूबाजूंनी काळोख आणि त्यातून वर आलेले, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचे, पाणावल्यासारख्या डोळ्यांचे एका ज्योतिर्विदाचे डोके. एखादा जुना चंद्र उगवावा तसे. योगायोग पाहा: चांदीचे नको असलेले क्षार हायपोमध्ये विरघळतात हे १८१९ साली याच हर्शेलनी शोधून काढले होते. त्या शोधावाचून कोणतेच छायाचित्र कागदावर टिकते ना. ज्याने छायेला टिकवले त्याचीच छाया एका हौशी बाईने टिकवली. धंदेवाईक स्टुडिओत हे चित्र झाले नसते; तिथे सर जॉनना कोट घालून, हातात पुस्तक देऊन, नक्षीदार खांबाशेजारी उभे केले असते. बाईंच्या धार्मिक चित्रांबद्दल मात्र मला तेवढे प्रेम नाही. मोलकरणीला मेरी करून बसवलेली त्यांची चित्रे पुष्कळांना आवडतात. मला त्यांत नाटक दिसते. असो.

दुसरा हौशी म्हणजे झाक आंरी लार्तिग, फ्रान्समधल्या श्रीमंत घरचा मुलगा. जन्म १८९४. सात-आठ वर्षांचा असताना बापाने त्याला कॅमेरा घेऊन दिला. मुलाने कशाचे फोटो काढले? घरातल्यांचे. भाऊ, चुलत-मावस भावंडे, त्यांनी केलेली लाकडी गाडी. १९०५ सालचे त्याचे एक चित्र आहे: त्याची चुलत बहीण बिशोनाद पॅरिसमधल्या घराच्या पायऱ्यांवरून खाली उडी घेते आहे. पायघोळ झगा, दोन्ही हात पसरलेले, आणि पाय जमिनीवर नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाने काढलेले चित्र. घरात एखादी बहीण अशी उडी घेते तेव्हा तिथे कॅमेरेवाला उभा नसतो. असला तर बहीण उडी घेत नाही. भावापुढे मात्र ती घेते. एवढे साधे रहस्य या चित्रात आहे, पण ते विकत मिळत नाही.

लार्तिगचे दुसरे एक चित्र याहून गाजले आहे, आणि ते माझ्या म्हणण्याच्या आड येते, म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. १९१२-१३ च्या सुमाराचे, मोटारींच्या शर्यतीचे. मोटारीचे चाक लंबवर्तुळ होऊन पुढे कलले आहे आणि मागची बघी माणसे उलट दिशेला कलली आहेत. वेग म्हणजे काय ते एवढे स्पष्ट क्वचितच दिसले असेल. हे घडले कसे? त्या कॅमेऱ्याच्या पोटात कापडी पडदा होता आणि त्याला एक अरुंद फट होती. फट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरके, त्यामुळे चित्र एकदम न उठता पट्ट्यापट्ट्याने उठे. चाकाचा एक भाग आधी टिपला गेला, दुसरा क्षणार्धाने मागाहून. तेवढ्यात मोटार पुढे सरकलेली. तरुणाने मोटारीबरोबर कॅमेरा वळवला खरा, पण मोटारीच्या वेगाने त्याला वळवता आला नाही. म्हणून माणसे दुसरीकडे कलली. म्हणजे हे कॅमेऱ्याचेच कर्तृत्व की! मग सर्जन कुणाचे? मी हे मान्य करतो, की येथे कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे. आणि म्हणूनच मला ही मोटार बिशोनादच्या उडीपेक्षा खालची वाटते. जाणकार मंडळी मोटारीला पहिला मान देतात, देवोत. मोटारीचे चित्र एकदा पाहून थक्क व्हावे; उडीचे चित्र घरात लावावे.

लार्तिग स्वतःला चित्रकार म्हणवत राहिला. फोटो हा त्याचा घरगुती नाद. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. तोपर्यंत ही सगळी चित्रे घरच्या आल्बमांत चिकटवलेली होती. आल्बमांत चिकटवलेली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्याकडेही हौस कमी नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटल्यानंतर अवघ्या एका वर्षाने. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी वैद्यकी सांभाळून कॅमेरा चालवीत. पुढे दादासाहेब फाळके. त्यांचा हा पोटाचा धंदाही झाला, पण १९१२ साली त्यांनी जे केले ते निव्वळ वेडाचे काम होते. कुंडीत वाटाणे पेरले, समोर सिनेमाचा कॅमेरा मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करीत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढताना दिसला. याच चित्रफितीने सावकाराचे मन वळले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ला पैसा उभा राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यांत दिसते ते निराळेच. कुंडी घरची, वाटाणे वाण्याकडचे. त्या खेळात दादासाहेबांचे स्वतःचे असे काय होते? किती वेळाने हात चालवायचा आणि किती वेळ तो आवरायचा, एवढेच. चमत्कार त्या आवरण्यातून झाला.

आता आल्बमाकडे. छायाचित्र खटका दाबल्याने पुरे होते असे आजच्या छंदिष्टांना वाटते. फिल्मचे ते तोंडभरून गुणगान करतात. छत्तीस चौकटी, नाहीतर बाराच, म्हणून हात कसा जपून चालतो ते सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण रोल संपला की तो ते धुवायला टाकतात. दोन दिवसांनी चित्रे टेलिफोनवर येतात, आणि मूळ निगेटिव्ह परत न्यायलाही काही जण फिरकत नाहीत असे ऐकतो. हे म्हणजे लग्नाच्या पंक्तीत वरण-भात वाढून झाल्यावर जिलबीची वाट न पाहता हात धुण्यासारखे झाले.

ज्यांनी घरी अंधारखोली मांडली त्यांना विचारा. बहुधा ती न्हाणीघरातच मांडलेली असायची. दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा; फिल्म उघडताना तांबडा दिवासुद्धा चालत नाही, मिट्ट काळोखात नुसत्या बोटांनी ती चकरीवर चढवायची. एक वेढा चुकला की फिल्म फिल्मला चिकटते आणि तेवढी चित्रे गेली. पाणी वीस अंशांच्या आसपास हवे. आपल्याकडे वैशाखात नळाचे पाणीच त्याच्या किती तरी वर, म्हणून बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवायच्या. बाहेर घरची माणसे अंघोळीसाठी खोळंबलेली. मग मोठे चित्र काढण्याची पाळी. एन्लार्जरखाली कागद, आणि उजेड पडत असताना मध्येच हात धरून कुठे सावली द्यायची. आईचा चेहरा काळवंडत असेल तर तो वाचवायचा, मागची भिंत फार पांढरी येत असेल तर तिला जास्त उजेड द्यायचा. विजेचा तो खांब चौकटीबाहेर घालवायचा. नंतर तांबड्या दिव्यात, ताटातल्या पाण्याखाली, कोऱ्या कागदावर आधी केसांची कड, मग डोळे असे वर येऊ लागतात. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या धंद्यात याला दुसरा खर्डा म्हणतात, आणि पुस्तक जे काही होते ते दुसऱ्या खर्ड्यात होते.

व्हिव्हियन मायर या बाईंची कथा अलीकडे फार सांगितली जाते. अमेरिकेत, बहुतेक काळ शिकागोत, दुसऱ्यांची मुले सांभाळून त्या पोट भरीत आणि गळ्यात रोलायफ्लेक्स अडकवून रस्त्यारस्त्याने फोटो काढीत. एक लाखाहून अधिक निगेटिव्ह. भाड्याच्या कोठारातले त्यांचे सामान थकलेल्या भाड्यापायी २००७ साली लिलावात निघाले, तेव्हा हा साठा परक्यांच्या हाती पडला. २००९ च्या एप्रिलमध्ये बाई वारल्या. आज त्यांची चित्रे जगभर भिंतींवर आहेत. शेकडो रोल तर त्यांनी धुतलेच नव्हते. या न धुतलेल्या रोलांवर भाविकपणे लिहिले गेले आहे: पाहा, कीर्तीची पर्वा न करणारी शुद्ध कला! मला हे वाचून अस्वस्थ व्हायला होते. त्यांचा डोळा अस्सल होता यात शंका नाही. दुकानाच्या काचेत स्वतःचे प्रतिबिंब टिपणारी त्यांची चित्रे पाहताना माझा हात आपोआप थांबतो. पण आपण जी मायर पाहतो ती कुणी निवडलेली? एका लाखातली कुठली शंभर त्यांनी स्वतः वेचली असती? हर्शेलच्या चित्राखाली मी कॅमेरॉनबाईंचे नाव निःशंकपणे वाचतो. मायरच्या पुस्तकावरचे नाव वाचताना त्यामागे उभी असलेली विकत घेणाऱ्यांची सावलीही मला दिसते. दोष कुणाचा म्हणायचा? गरिबीचा असेल, एकलकोंड्या स्वभावाचा असेल. पण त्याला शुद्ध कला म्हणून त्याची आरती ओवाळणे मला जमत नाही.

हा प्रश्न शिकागोतच राहता तर दिवाळीच्या अंकात तो काढण्याचे कारण नव्हते. दिवाळीची साफसफाई आपल्या घरोघर होते, आणि माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली येतो. आत पट्ट्या कापून ठेवलेल्या निगेटिव्ह. आजोबांनी काढलेल्या. कागदावर आलेले फोटो आल्बमात असतात, ते सगळे जपतात. लग्न, मुंज, बारसे. पण आजोबांनी न छापलेल्या चौकटी या डब्यात असतात, आणि त्या कुणी पाहिलेल्या नसतात. आजी तिथे ओट्याशी पाठमोरी उभी असते, नाहीतर शेजारणीला काहीतरी सांगून हसत असते. आजोबांना ती छापावीशी वाटली नाही. तुम्हाला वाटेल.

पंजाबातल्या मजिठिया घराण्यातल्या उमरावसिंग शेरगिल यांनी आयुष्यभर फोटो काढले. जन्म १८७० चा, म्हणजे फाळक्यांच्याच सालचा. संस्कृत-फारसीचा व्यासंग, योगाचा नाद, हंगेरियन पत्नी, आणि दोन मुली. त्यांपैकी एक अमृता, पुढे मोठी चित्रकार झालेली, १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेली. बापाने मुलींचे, पत्नीचे, आणि सर्वांत अधिक स्वतःचे फोटो काढले. उपवासाने कृश झालेला स्वतःचा उघडा देह कॅमेऱ्यापुढे धरायला तेव्हा केवढे धैर्य लागले असेल! गिऱ्हाईक नव्हते, प्रदर्शन नव्हते. १९५४ साली ते वारले. त्यांचा नातू विवान सुंदरम याने २००१-०२ साली तो घरचा साठा उघडला आणि संगणकावर त्या चित्रांवर चित्रे चढवली. वेगवेगळ्या वर्षांतले आणि वेगवेगळ्या गावांतले बाप-लेक एका चौकटीत आले. एका चित्रात दोन चित्रे हा व्हिएन्नाच्या मुलांचाच खेळ. पण येथे कुठल्या बापाशेजारी कुठली मुलगी बसवायची हे नातवाने ठरवलेले आहे, आणि ठरवताना तो बराच अडखळलेला असावा असे चित्रे पाहताना वाटते. विचार करू नका हा नियम त्याला कुणी सांगितला नव्हता हे बरे झाले.

डबा उघडल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर समजावे, की फिल्म कुजू लागली आहे, आणि तिच्यापाशी फार वर्षे उरलेली नाहीत. तेवढ्या पट्ट्या आधी बाजूला काढाव्यात. मग एकेक कडेने धरून, बोटे मध्ये न लावता, खिडकीच्या उजेडापुढे न्यावी. पहिल्यांदा सगळे उलटे दिसते. केस पांढरे, दात काळे. थोडा वेळ पाहत राहिले म्हणजे माणूस ओळखू येतो.